बंद लिफाफ्यातला खेमराज

आमच्या गल्लीत कोणाची जन्मतारीख कोणती, कोण दहावीला कितव्या डिव्हिजनमध्ये सुटलं, कोणाच्या नवऱ्याचं नाव आधार कार्डावर एक आणि राशन कार्डावर दुसरंच, हे सगळं मला माहीत असतं. यात माझी हुशारी काही नाही. बालाघाटात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि मी, भोजराज. लोक समोरच्या स्टुलावर बसतात आणि डॉक्टरलाही सांगणार नाहीत असं मला सांगून जातात, कारण फॉर्ममध्ये तसा रकानाच असतो. माझी बायको कमला म्हणते, तुमच्या पोटात तांदूळ शिजतो पण गोष्ट टिकत नाही. खरं आहे तिचं. पण टिकली असती तर ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली असती?

माझ्या टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये खेमराज लांजेवारचे फोटो आहेत. पासपोर्ट साइजचे, चौदा वर्षांचे. फॉर्मला दरवेळी सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो, म्हणून तो नवीन काढतो आणि उरलेले माझ्याकडे ठेवून देतो. एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं, तर मी ते टेबलावर ओळीने मांडले. पहिल्या फोटोत बावीस वर्षांचा पोरगा, केस एवढे की कंगवा मोडावा, आणि चेहऱ्यावर असा भाव की फोटोवाल्यालाच आता प्रश्न विचारतो. शेवटल्या फोटोत छत्तीस वर्षांचा माणूस. केस मागे सरकत सरकत गेलेले, आणि डोळे कॅमेऱ्याकडे नसून कॅमेऱ्याच्या मागे कोणीतरी उभं आहे त्याच्याकडे पाहताहेत असे. मधल्या एका फोटोत टाय आहे. तो मुलाखतीचा.

खेमराज कटंगीच्या अलीकडच्या एका खेड्यातला. बाप लहानपणीच गेला. आई मैनाबाई धानाची शेती एकटी करते, रोवणीला दहा बायांच्या पुढे राहते. कॉलेजसाठी पोरगा बालाघाटला आला आणि माझ्या शेजारी जिजाबाईच्या घरात मागची खोली भाड्याने घेतली. त्याची खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. तो मोठ्याने वाचायचा. चुलीवर भाजी, भिंतीतून संविधान. वर्षभरात कमलाला मूलभूत हक्क पाठ झाले आणि त्याचा त्रास मलाच झाला.

बी.ए. झाला तसा तो म्हणाला, डिप्टी कलेक्टरची परीक्षा देतो. त्या वेळी गल्लीला हसू आलं नाही. पोरगा तसा होता. कॉलेजात पहिला, हिंदी चांगली, मराठी घरची, इंग्रजी मेहनतीची. त्याच्या नोट्स मी झेरॉक्स करायचो. अक्षर छापल्यासारखं, समासात लाल पेनने वर्षं. इंदोरला राहून कोचिंग करणारी पोरं सुट्टीत आली की माझ्याकडून खेमराजच्या नोट्सची प्रत घेऊन जायची, म्हणजे बघा.

त्याच्यासोबत विवेक नावाचा पोरगा राहायचा, भरवेलीच्या खाणीतल्या कामगाराचा. दोघं एकाच खोलीत, एकाच नोट्सवर. विवेकला पाठ व्हायचं नाही, तर खेमराज त्याला स्वयंपाक करता करता सांगायचा. विवेक पोळ्या लाटायचा आणि खेमराज पंचवार्षिक योजना. दोघांनी एकाच वर्षी परीक्षा दिली, एकोणीस सालची. ती परीक्षा संपता संपता तेवीस साल आलं. मधे महामारी, मधे कोर्ट, मधे काय काय. पण दोघंही पूर्वपरीक्षा पास, मुख्य परीक्षा पास, दोघांनाही मुलाखतीचं बोलावणं. मी दोघांना टायवाले फोटो काढून आणायला लावले. टाय एकच होता.

मग निकाल लागला. विवेकचं नाव यादीत वरच्या नंबरांत. ज्या कोचिंगमध्ये तो जेमतेम दोन महिने गेला होता, त्यांनी कालीपुतली चौकात त्याचा एवढा मोठा फ्लेक्स लावला की बसमधून उतरणाऱ्याला आधी विवेकचा टाय दिसायचा आणि मग गाव. फ्लेक्सवर लिहिलं होतं, आमच्या नोट्स, आमचा टॉपर. मी खेमराजला म्हणालो, साहेब, टाय तुमचा, नोट्स तुमच्या, फक्त मुंडकं विवेकचं. तो हसला. त्या दिवसांत तो हसायचा.

कारण त्याचंही नाव होतं. दुसऱ्या यादीत.

आता ही दुसरी यादी समजून घ्या. आमच्या मध्य प्रदेशात ओबीसीला आरक्षण चौदा टक्के की सत्तावीस, यावर कोर्टात भांडण चालू आहे. ते मिटत नाही तोवर भरती थांबू नये म्हणून तोडगा निघाला, की शंभरातल्या सत्त्याऐंशी जागांचा निकाल लावून टाकायचा, आणि भांडणातल्या तेरा जागांचा निकाल बंद लिफाफ्यात ठेवायचा. त्या तेरांच्या यादीत ज्यांची नावं, त्यांची मुलाखत झाली, पण पास की नापास ते सांगायचं नाही. किती गुण पडले तेही नाही. उत्तरपत्रिकाही दाखवायची नाही. कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लिफाफा उघडेल. खेमराज त्या लिफाफ्यात.

गल्लीला हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते माझ्या पद्धतीने केलं. कोणी विचारलं, खेमराजचं काय झालं, की मी म्हणायचो, आहे न, चिकटवून ठेवला आहे. तिसऱ्या दिवशी मी त्याला लिफाफासाहेब म्हणालो. आठव्या दिवशी दूधवालाही म्हणू लागला. पंधराव्या दिवशी जिजाबाई किल्ली देताना म्हणाली, लिफाफाबाबू, नळ येऊन गेला. नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरत नाही, पण ती परत घेता येत नाहीत हे मला उशिरा कळलं.

समाजानेही त्याला धरून ठेवलं. आमच्या समाजाचा दर जानेवारीत मेळावा होतो. बारावीत जास्त गुणवाल्यांना, नोकरी लागलेल्यांना, डॉक्टरकीला लागलेल्यांना स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ आणि एक प्रशस्तिपत्र. प्रशस्तिपत्रं माझ्याच दुकानात छापतात, आणि मेळाव्यात माईकवरही मीच असतो, कारण फुकट बोलणारा दुसरा कोणी नाही. खेमराजला पहिली शाल मुख्य परीक्षा पास झाला तेव्हा मिळाली. दुसरी मुलाखतीला बोलावलं तेव्हा. तिसरी लिफाफ्यात गेला तेव्हा, आणि चौथी लिफाफ्यातच राहिला तेव्हा. प्रशस्तिपत्रावर काय लिहायचं याची समितीत चर्चा झाली. शेवटी ठरलं, ‘चयनित (प्रावधिक)’. म्हणजे निवड झाली, पण तात्पुरती धरा. मैनाबाई गावाहून बसने यायची, पहिल्या रांगेत बसायची आणि शाल घरी घेऊन जायची. तिला वाचता येत नाही. पण लोक टाळ्या वाजवताना हळूच एकमेकांकडे पाहतात, हे पाहायला अक्षरओळख लागत नाही.

रोज सकाळी दहा वाजता, दुकान उघडून मी उदबत्ती लावत असताना, खेमराज यायचा. स्टुलावर बसायचा. म्हणायचा, साइट उघडा न भाऊ. त्याच्या मोबाइलवरही लोकसेवा आयोगाची साइट उघडते, पण त्याचं म्हणणं, मोबाइलवर कधीकधी पूर्ण दिसत नाही. मी उघडायचो. तो वाकून वरपासून खालपर्यंत पाहायचा. काही नसायचं. मग तो उठून वाचनालयात जायचा. तिथं पोरांना शिकवायचा, परीक्षेची पुढची तारीख असेल तर स्वतःही वाचायचा. पण लिफाफ्यानंतरच्या कोणत्याही परीक्षेत त्याचं नाव कुठं आलं नाही. एका माणसाचं लक्ष एकाच ठिकाणी असतं.

आणि मधे ती पटवाऱ्याची, म्हणजे तलाठ्याच्या नोकरीची गोष्ट. लिफाफ्यात गेल्याच्या पुढच्याच वर्षी. त्याने कधीतरी भरलेल्या पटवारी भरतीत त्याचं नाव लागलं. कागदपत्र तपासणीची शेवटची तारीख होती. तो फाइल घेऊन माझ्यासमोर बसला आणि विचारलं, जाऊ का? मी तेव्हा काय बोललो ते मला शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, “साहेब, उद्या लिफाफा उघडला त कलेक्टरच्या बाजूच्या खुर्चीवरून उठून लोकांची शेतं मोजाले जाल का?” दुकानात आणखी दोघं बसले होते, तेही हसले. खेमराजही हसला, फाइल बगलेत मारून उठला आणि गेलाच नाही. तेव्हा सगळे म्हणत होते, लिफाफा पुढच्या महिन्यात उघडते. पुढे गल्लीत बातमी फिरली की खेमराजसाठी पाहिलेली तुमसरची मुलगी, त्याच्याच सोडलेल्या जागेवर लागलेल्या पटवाऱ्याला दिली. ती बातमी खोटी होती. मुलगी शिक्षकाला दिली. पटवाऱ्याचं मीच जोडलं होतं, ऐकायला बरं वाटत होतं म्हणून.

हे सगळं मागचं. आता या हिवाळ्याचं सांगतो.

दिवाळी झाल्यावर एका भरतीची प्रतीक्षा यादी पुढे सरकली आणि तिच्यात खेमराज लांजेवार हे नाव आलं. पद बाबूचं, म्हणजे कारकुनाचं, ठिकाण परसवाडा तहसील कार्यालय. बालाघाटहून बसने जाऊन येता येईल असं. पोर्टलवर जाऊन फक्त सहमती टाकायची होती. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत. सहमती नाही आली की जागा यादीतल्या खालच्याला, आणि त्या भरतीची यादी तिथंच बंद. छत्तिसाव्या वर्षी, तीन वर्षांत दुसऱ्यांदा दार उघडलं होतं. तिसऱ्यांदा उघडेल असं म्हणणारा माणूस मला गल्लीत सापडला नाही, आणि मी विचारत फिरलो होतो.

सगळ्यांनी त्याला सांगितलं, बाबा, बाबू होऊनही वाट पाहता येते. लिफाफा काही पळून जात नाही. विवेकनेही फोनवर तेच सांगितलं, तो आता एका जिल्ह्यात साहेब आहे. खेमराज ऐकून घ्यायचा. शुक्रवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा तो स्टुलावर बसला. मी या वेळी जीभ दाताखाली धरली होती. तो स्क्रीनकडे पाहत बोलला.

“भाऊ, लिफाफा बंद आहे तोवर मी नापास नाई न?”

मी म्हणालो, नाही.

“पासही नाई.”

मी म्हणालो, तेही खरं.

“बाबू झालो की मंग मी बाबू. मंग लिफाफ्यात काय आहे त्याचं कोणाले काही नाई.” मग म्हणाला, “पण थकलो, भाऊ. सोमवारी येतो. टाकून देऊ सहमती.”

त्याने खिशातून नवा फोटो काढून माझ्याकडे दिला. सहमतीला फोटो लागत नाही, पण मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. ही बातमी मी कोणाला सांगितली नाही. माझ्या आयुष्यात मी दाबून ठेवलेली ही एकच बातमी, आणि नेमकी तीच सांगायला हवी होती.

कारण शनिवारी मैनाबाई आली.

बाजाराची थैली, पायात रबरी चप्पल, हातावर अजून धान कापणीच्या चिरा. पोराच्या खोलीवर न जाता सरळ माझ्या दुकानात. मी म्हणालो, मावशी, बसा, चहा सांगतो. तिने चहा नको म्हटलं. स्टुलावर न बसता टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, गावात ऐकलं, परसवाड्याची नोकरी आली, सोमवारपर्यंत हौ म्हणायचं आहे, आणि हा म्हणत नाई. मी म्हणालो, म्हणेल. ती म्हणाली, पटवाऱ्याच्या वेळीही सगळे म्हणत होते, म्हणेल.

पटवाऱ्याच्या वेळी कोण काय म्हणालं होतं ते तिला माहीत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यासमोरून जात नव्हतं.

मग ती माझ्याजवळ वाकली.

“भोजू, तू त सगळे कागद बनवते. एक कागद बनवून दे मले. सरकारी दिसन असा. त्याच्यावर लिही का खेमराज नापास झाला.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझ्या दुकानात लोक पास झाल्याचा कागद मागतात. खोटं उत्पन्न, खोटी वयं, खोटी सही, सगळं मागून झालं आहे आणि मी हसत हसत नकार देऊन झालं आहे. स्वतःच्या पोराला नापास करून द्या म्हणणारी आई पहिल्यांदाच आली. मी म्हणालो, मावशी, काय बोलून राह्यल्या. ती म्हणाली, “नापास झाला असता त मी एक दिवस रडली असती, त्यानं एक दिवस तोंड लपवलं असतं. दुसऱ्या दिवशी कामाले लागला असता. त्याच्या मनात ते अडकून आहे. कोणी एकदाचं सांगून टाकलं का नाई झाला, त सुटन तो. कोणी सांगत नाई. तू सांग.”

इथं मी तिला म्हणायला हवं होतं, मावशी, तो सोमवारी येणार आहे, सुटलाच आहे, तुम्ही निवांत घरी जा. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला वाटलं, हा खेमराज शुक्रवारी हौ म्हणाला, सोमवारी पुन्हा साइट पाहत बसला तर? पटवाऱ्याचं मला भरून काढायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, कागद बनवायची कल्पना माझ्या हाताला खाजली. खोड आहे ती. मी म्हणालो, उद्या या.

रविवारी दुकान बंद ठेवून मी बसलो. आयोगाचं चिन्ह टाकलं नाही, तो गुन्हा झाला असता. नुसता लेटरहेडसारखा वरचा भाग, खाली गोल शिक्क्यासारखं काहीतरी पुसट, प्रिंटरची शाई मुद्दाम कमी करून. रोल नंबर खरा, मला तो पाठ आहे. मजकूर सरकारी हिंदीत: ‘आयोग को यह सूचित करते हुए खेद है कि प्रावधिक भाग के अंतर्गत आपका चयन नहीं हो सका है। आपके उज्ज्वल भविष्य की कामना सहित।’ मी तो चार वेळा वाचला. इतका चांगला कागद मी कधी बनवला नव्हता. मैनाबाईने तो दोन्ही हातांत उलटा धरला. मी सरळ करून दिला.

सोमवारी सकाळी दहा वाजता खेमराज आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. फाइल बगलेत. पासवर्ड तोंडपाठ. आणि त्याच्या मागोमाग, ठरल्याप्रमाणे, मैनाबाई, जणू गावाहून आत्ताच उतरली. म्हणाली, घरी टपाल आलं. डाकवाल्यानं दिलं. तुझ्या परीक्षेचं आहे म्हणे.

खेमराजने लिफाफा हातात घेतला. मी साधा खाकी लिफाफा वापरला होता, नीट चिकटवून. तो त्या लिफाफ्याकडे पाहत राहिला. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते आईच्या थैलीतून, वांग्यांच्या सोबत आलं होतं. तो फाडत नव्हता, कडेने उलगडत होता, गोंद सुटेल तसा. मला त्याच क्षणी समजलं की मी काय केलं आहे. पण आता मधे बोलता येत नव्हतं. मैनाबाई माझ्याकडे पाहत नव्हती.

त्याने वाचलं. एकदा. मग हळू, ओठ हलवत, दुसऱ्यांदा. चेहरा असा झाला की फोटोंच्या त्या ओळीत पुढचा, दहा वर्षांनंतरचा फोटो कोणी ठेवावा. मैनाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, जाऊ दे बाबू. झालं. सुटलास.

मग त्याची नजर एका शब्दावर थांबली. तिथंच राहिली. त्याने कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

“आयोगाले कधी खेद होते का, भाऊ?”

मी प्रिंटरकडे पाहिलं.

“चौदा वर्षं झाली. मी आठ वेळा नापास झालो आहे. कोणी मले एक चिठ्ठी लिहिली नाई. यादी लागते. तिच्यात आपला नंबर नसते. बस. तेवढंच सांगतात.” तो अगदी हळू बोलत होता, वाचनालयात पोरांना समजावतो तसा. “नापास झालेल्याले कोणी उज्ज्वल भविष्य म्हणत नाई, भाऊ. हे तुम्ही बनवलं.”

मी मान डोलावली. मैनाबाई म्हणाली, मीच सांगतलं होतं त्याले. तुझ्यासाठी.

मला वाटलं, आता तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. फाइल फेकली असती, मला चार शिव्या घातल्या असत्या, मग थकून सहमतीचं बटण दाबलं असतं. त्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी परत येत होतं. ते बावीस वर्षांच्या फोटोतलं होतं.

“खोटं नापास बनवा लागलं,” तो म्हणाला. “म्हणजे खरं नापास नाई.”

मी म्हणालो, अरे खेमराज, तसं नाही. खरं काय आहे ते कोणालाच माहीत नाही, आम्हाला कुठून माहीत असणार. मैनाबाईनेही तेच सांगितलं. पण त्याला ते ऐकू येत नव्हतं. तो म्हणाला, नापास असतो तर विवेकने आतून कुठून तरी काढून सांगितलं असतं. आईने बनवायला लावलं नसतं. नापास झालेल्यासाठी नापासाचा खोटा कागद कोणी बनवत नाही. त्याने एकामागून एक मुद्दे मांडले, मुख्य परीक्षेच्या उत्तरासारखे, प्रस्तावना, मधला भाग, निष्कर्ष. खोटं ते कुठंच नव्हतं, आणि पाया कशालाच नव्हता. चौदा वर्षं तो हेच शिकला होता.

मी पोर्टल उघडलं. त्याचा पासवर्ड टाकला. स्क्रीनवर दोन बटणं आली, सहमत आणि असहमत. मी माउस त्याच्याकडे सरकवला. मैनाबाई त्या दोन बटणांकडे पाहत होती. कोणतं कोणतं तिला कळत नव्हतं. तिने मला विचारलं, कोणतं दाबाचं असते? मी बोट दाखवलं. तिने पोराचा हात धरून माउसवर ठेवला, लहानपणी पाटीवर ठेवला असेल तसा. त्याने तो हळूच काढून घेतला.

“आयोगाची साइट उघडा न, भाऊ.”

मी म्हणालो, आधी हे कर. तो म्हणाला, आधी ते. मी उघडली. नवीन काही नव्हतं. तो वरपासून खालपर्यंत पाहून उठला आणि वाचनालयात गेला. दुपारी मी वाचनालयात गेलो, तो पोरांना राज्यपालाचे अधिकार शिकवत होता. मी खुणेने बोलावलं, त्याने हाताने थांबा सांगितलं. मैनाबाई माझ्या दुकानात स्टुलावर बसून होती. फोन मी तीन वेळा लावला. सहा वाजता स्क्रीनवरची दोन्ही बटणं पांढुरकी झाली आणि नंतर दाबली तरी दबेनात. मैनाबाईने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, बंद झालं. तिने थैलीतून वांगी काढून माझ्या टेबलावर ठेवली, घरी दे म्हणाली, आणि शेवटच्या बसला गेली. जाताना तो कागद मागून घेतला.

तो तिने कशासाठी नेला ते मला जानेवारीत कळलं.

समाजाच्या मेळाव्याची यादी प्रशस्तिपत्रांसाठी माझ्या दुकानात आली. मी नावं टाइप करत होतो. यंदा सगळ्यात वर मयुरी नावाची पोरगी, आयोगाच्या मोठ्या परीक्षेत राज्यात वरच्या दहांत आलेली. वाचनालयात खेमराजकडूनच ती शिकली होती. खेमराज स्टुलावर बसून स्क्रीनवर नावं वाचत होता. मयुरीच्या नावापाशी तो खूश झाला, म्हणाला, तिचं अक्षर मी सुधरवलं. मग यादी संपली. त्याने मला यादी पुन्हा वर सरकवायला सांगितली. मी वर नेली, पुन्हा खाली आणली.

“माझं नाव राह्यलं का?”

समितीच्या माणसाने यादी देताना जे कानावर घातलं होतं ते मी सांगितलं, मला सांगावंच लागलं. मैनाबाईने तो कागद गावात सगळ्यांना दाखवला होता. सरपंचाला, समितीच्या लोकांना, बसच्या कंडक्टरला. खेमराज नापास झाला, सरकारचा कागद आला, आता कोणी विचारू नका. विहिरीवर बाया तिला विचारायच्या बंद झाल्या होत्या. तिने चारही शाली धुऊन, घडी करून पेटीत टाकल्या होत्या, आणि तो कागद सर्वांत वर. समितीने शिस्तीत नाव काढलं होतं. सगळ्या जगात त्या कागदावर विश्वास न ठेवणारा एकटा तोच उरला होता.

तो म्हणाला, पण तो कागद तर खोटा आहे. तुम्ही बनवला. अध्यक्षाले सांगा न फोन करून.

मी फोन हातात घेतला. अध्यक्षाचा नंबर काढला. सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत कटंगीला पोचलं असतं आणि सकाळी विहिरीवर. मैनाबाई गावात खोटी पडली असती, आणि बायांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली असती. माझ्या तोंडातून निघालेली गोष्ट किती लांब जाते हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? मी फोन खाली ठेवला.

खेमराजने वाट पाहिली. मग उठला.

मेळावा झाला. माईकवर मी नव्हतो, घसा बसला असं सांगितलं. मयुरीला शाल मिळाली, तिने भाषणात खेमराज सरांचं नाव घेतलं, आणि लोक इकडे तिकडे पाहू लागले, तो आला आहे का म्हणून. तो आला नव्हता.

तो रोज सकाळी दहा वाजता येतो. स्टुलावर बसतो. आता मी आयोगाची साइट आधीच उघडून ठेवतो, म्हणजे त्याला सांगावं लागू नये.